पोळा झाल्यावर व्हर्जन

सरांना कुणी म्हटलं की अमुक नवीन आलंय, तर ते आधी उजवा हात पालथा करून हवेत धरायचे, बरणीवर झाकण ठेवल्यासारखा. आणि म्हणायचे, "ठेवा तिथं. मुरू द्या."

मग ते नवीन काहीही असो. मोबाईल असो, शाळेला आलेला अधिकारी असो, नाही तर माझ्या हातचं लोणचं. लोणच्याला ते शब्द शोभायचे. अधिकाऱ्याच्या तोंडावर एकदा म्हणाले, तेव्हा मुख्याध्यापकांना जो खोकला लागला तो साहेबांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबला नाही.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सगळी मंडळी एसटीमागं धावत असतात आणि हा चपलेचा अंगठा नीट करत बसतो. त्याचा राग येतो. सरांचा पुष्कळांना यायचा.

मी आमच्या गावच्या हंगामी वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. सिरसाळ्यावरून आत गेलं की आमचं गाव. दिवाळी होते, कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात, कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. लेकरं बरोबर नेली की त्यांची शाळा सुटते. म्हणून आईबाप येईपर्यंत ती वसतिगृहात राहतात, शाळेच्याच आवारात. पुढं पट्टा पडतो, म्हणजे कारखाना बंद होतो, माणसं परत येतात आणि आमचं वसतिगृह रिकामं होतं. बाकीचे महिने मी शाळेत खिचडी शिजवते.

सर त्या शाळेत गणित शिकवायचे आणि कॉम्प्युटरची खोली सांभाळायचे. ती खोली माझ्या स्वयंपाकघराला लागून. मध्ये एक खिडकी, तिला गज नाहीत. त्या खिडकीतून मी चहाचा कप पुढं करायचे. मला माणसांशी बोलायला जमत नाही फारसं. त्यामुळं पहिलं वर्षभर सरांना माझा फक्त हात माहीत होता. एकदा ते कपाला म्हणाले, "मावशी, आज आलं जास्त पडलं." मी खिडकीखाली बसून हसले.

कॉम्प्युटर जुने होते. शहरातल्या कुठल्या तरी कचेरीनं काढून टाकलेले. त्यांच्यात आधी विकतची सिस्टीम कुणीतरी फुकटात, चोरून टाकून दिलेली. तिला व्हायरस लागला आणि पोरांनी काढलेली चित्रं, लिहिलेले निबंध, सगळं गेलं. तेव्हा सरांनी ती पुसून टाकली आणि त्या जागी मोकळी सिस्टीम टाकली. मोकळी म्हणजे जिला कुणी मालक नाही, जी कुणीही घ्यावी, वाटावी, दुरुस्त करावी अशी.

सिस्टीम म्हणजे काय, हे मला त्यांनी खिडकीतून सांगितलं होतं. "मावशी, कॉम्प्युटर म्हंजे चूल आन् भांडी. सिस्टीम म्हंजे स्वयंपाकीण. ती न्हाई आली तर चूल नुसती बसून राहती."

तेव्हापासून मला सिस्टीमबद्दल आपलेपणा वाटतो.

"पण फुकट कावून देत्यात?" मी विचारलं. सरांशी मी पहिल्यांदा बोललेलं वाक्य बहुतेक हेच असावं.

"तुमच्याकडं सावड करत्यात का न्हाई? आज तुमच्या रानात खुरपायला चौघी आल्या, उद्या तुमी त्यांच्या रानात. त्याचे पैसे घेता का?"

"न्हाई."

"झालं तर मग. ही जगाची सावड हाय. कुणी सिस्टीम लिहितो, कुणी चुका शोधतो, कुणी आडलेल्याला सांगतो. जेवायला मात्र ज्याच्या त्याच्या घरी."

त्या सिस्टीमला वेळापत्रक होतं, आणि सरांचा जीव त्या वेळापत्रकात होता. दर सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन निघतं. दोन वर्षांतून एकदा निघतं ते लांब पल्ल्याचं. त्याला काही वर्षं सांभाळणार, काही बिघडलं तर दुरुस्ती देणार, असं ते लोक आधीच सांगून टाकतात. कोणत्या महिन्यात येणार आणि कोणत्या महिन्यानंतर दुरुस्ती बंद होणार, दोन्ही. सर म्हणायचे, "येणारा पाव्हणा जायाची तारीख सांगून आला म्हंजे घर कसं निवांत राहतं!"

लांब पल्ल्याचं व्हर्जन साधारण पाडव्याच्या पुढं येतं. पण सर ते लगेच घ्यायचे नाहीत. जगभरातल्या लोकांनी ते वापरायचं, त्यातले खडे लागायचे, मग श्रावणाच्या सुमाराला त्याची पहिली मोठी दुरुस्ती निघायची. ती आली की पोळ्याची वाट पाहायची. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत नवीन व्हर्जन. वसतिगृह रिकामं असतं, दिवाळीला अवकाश असतो, काही बिघडलं तरी बॉयलर पेटेपर्यंत हाताशी वेळ असतो. असा त्यांचा हिशेब. मोकळ्या सिस्टीमचं जगाचं वेळापत्रक आणि आमचं कोयत्याचं वेळापत्रक त्यांनी असं एकमेकांत बसवून दिलं होतं.

एका उन्हाळ्यात संस्थेचे नाना आले. नाना म्हणजे आमच्या शाळेचे अध्यक्ष. त्यांचं रान मोठं, बसायची खुर्चीही मोठी लागते आणि राजकारणात उठबस. कॉम्प्युटरच्या खोलीला नवीन रंग दिला होता, तिचं उद्घाटन करायचं होतं. नानांना कुणीतरी सांगितलं होतं की नवीन व्हर्जन कालच निघालंय.

"सर, पाव्हणे येणार हायेत. जुनं कावून दाखवायचं? नवीनच टाका की!"

सरांचा हात पालथा झाला. "मुरू द्या नाना."

"आवो, फुकट तर हाय! पैसे पडतेत का?"

"नाना, नवा बैल आणला तर पहिल्याच दिवशी उसाच्या गाडीला जुपता का?"

"न्हाई जुपत."

"मग?"

पण अध्यक्ष माणूस, गप्प बसून कसं चालेल? त्यांनी आपल्या भाच्याला सांगून एका कॉम्प्युटरवर नवीन टाकून घेतलंच. उद्घाटनाच्या वेळी पाहुण्यांनी बटण दाबलं आणि त्या कॉम्प्युटरचं चित्र उलटं आलं. खालचं वर, वरचं खाली. पाहुणे मान वाकडी करून बघत राहिले. नानाही मान वाकडी करून म्हणाले, "नवीन पद्धत हाय सायेब." टाळ्या पडल्या. सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते ते फक्त मला दिसले.

प्रश्न विचारायची आणि उत्तरं द्यायची जी जागा इंटरनेटवर होती, तिला सर 'पार' म्हणायचे. गावात पारावर माणसं बसतात तसा. मधल्या सुट्टीत डबा उघडून ते पारावर जाऊन बसायचे. एक घास, एक उत्तर. कधीही न पाहिलेल्या माणसांबद्दल ते नात्यातल्यासारखं बोलायचे. "आमचा केरळातला पाव्हणा लई हुशार, पण रागीट." "ती जर्मनीची ताई हाय ना, तिच्या घरी लेकरू झालंय, म्हणून आठ दिस दिसली न्हाई."

कुणाचा प्रश्न उत्तराविना पडून राहिलेला त्यांना सोसायचा नाही. उत्तर येत नसेल तरी ते लिहायचे, "मला माहीत नाही, पण तुमचा प्रश्न वाचला आहे. शोधतो." मी विचारलं, ह्याचा काय उपयोग?

"मावशी, दारात उभ्या माणसाला आत कुणी तरी हाय एवढं तर कळाय पायजे."

तरी गोड माणूस नव्हते ते. प्रश्न नीट विचारला नाही तर चिडायचे. पोरं म्हणायची, "सर, चालंना." की झालं. "दवाखान्यात जाऊन 'बरं वाटंना' एवढंच सांगतो का बे? कुठं दुखतं, कवापासून दुखतं, काय खाल्लतं, सगळं सांगतो ना? मग!" शाबासकी म्हणून त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. पोरगं अगदी बरोबर करून दाखवायचं, तर म्हणायचे, "हं. पुढं."

माझी त्या खिडकीतून आत जायची वेळ शब्दांमुळं आली. सर ती सिस्टीम मराठीत आणणाऱ्या लोकांमध्ये होते. बटणांवरचे इंग्रजी शब्द, त्यांना मराठी शब्द द्यायचे. त्यालाही तारीख असायची. त्या तारखेच्या आत आला तो शब्द या व्हर्जनमध्ये, नाही तर पुढच्या. तारीख जवळ आली की सर खिडकीत यायचे. "मावशी, केलेलं काम मोडून पयल्यासारखं करायचं आसंल तर काय म्हणताल?"

मी भाकरी थापत होते. म्हणाले, "माघारी घ्या."

"आन् नको आसलेलं टाकून द्यायची जागा?"

"उकिरडा."

उकिरडा त्या लोकांनी घेतला नाही, कचरापेटीच ठेवली. त्यावर सर दोन दिवस चिडले होते. "शहरातली माणसं!" म्हणायचे. पण 'माघारी घ्या' घेतलं. पुढच्या पोळ्यानंतर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथं माझा शब्द होता. मी हात पदराला पुसत राहिले. ओला नव्हता, तरी. सर म्हणाले, "हं. पुढं." आणि मला मराठी टाइप करायला शिकवायला लागले.

आता वसतिगृहातल्या कोमलच्या आईचं सांगायला हवं, कारण सरांनी तिला एक शब्द दिला होता.

वसतिगृहातली लेकरं दर रविवारी आईबापांशी बोलायची. आधी अधीक्षिका मॅडमच्या फोनवर बोलायची, पण वसतिगृहात रेंजची एकच काडी. चित्र अडकायचं, कुणाचं नाक दिसायचं, कुणाचा कान. ग्रामपंचायतीकडून इंटरनेटची वायर फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत आली होती. मग सरांनी एका कॉम्प्युटरच्या डोक्यावर कॅमेरा बसवला. लेकरू भिंतीपाशी उभं करायचं, म्हणजे तिकडं आईला ते डोक्यापासून पायापर्यंत दिसायचं. मुकादमाच्या फोनभोवती उसाच्या फडातली सगळी माणसं गोळा व्हायची.

कोमलच्या आईची थोरली मुलगी एका वर्षी आजीपाशी राहिली होती. तिला टायफॉइड झाला. आजी फोनवर सांगायची, बरी आहे, बरी आहे. पट्टा पडल्यावर आई घरी आली तर दारातली पोरगी तिला ओळखू आली नाही. ती पोर पुढं बरी झाली, सासरी नांदते आहे. पण आईचा कानावरचा विश्वास उडाला तो उडालाच. कोमलला ठेवायला ती तयारच नव्हती. तेव्हा सातवीतली हुशार पोर, पाढे तोंडपाठ, आणि आई म्हणत होती, येईल माझ्याबरोबर, मोळ्या बांधील.

सर तिच्या घरी गेले होते. मला सोबत नेलं होतं, बाईमाणूस बरोबर असावी म्हणून. मी दाराआड उभी.

"पोरगी दर ऐतवारी दिसंल," सर म्हणाले. "अख्खी दिसंल."

"आन् न्हाई दिसली तर?"

"तर मुकादमाची गाडी पाठवून घेऊन जावा. मी आडवा येणार न्हाई."

दोन हंगाम तो शब्द पाळला गेला. तिसऱ्या वर्षी पाडव्यानंतर लांब पल्ल्याचं नवीन व्हर्जन आलं. सरांनी ते नेहमीप्रमाणं मुरू दिलं. श्रावणात दुरुस्ती आली. मग पोळा आला.

आमच्या शाळेत पोळ्याला कॉम्प्युटरचीही पूजा असायची. हे सरांनीच सुरू केलेलं. बैलाला त्या दिवशी काम नाही, तसं यांनाही नाही. सगळे बंद करायचे, ब्रशनं धूळ काढायची, पोरांनी कागदाची बाशिंगं करून बांधायची. ताट घेऊन मुली ओवाळायच्या. सर दारातून ओरडायचे, "कुंकू वरून लावा गं, आत सांडू नका!" त्या वर्षी ताट कोमलकडं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी नवीन व्हर्जन टाकलं, सगळे कॉम्प्युटर चालू करून पाहिले, चहा प्याले आणि "हं" म्हणाले.

पुढं नवरात्राच्या आधी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता ते खाली बसले. खडू हातातच होता. परळीहून लगेच संभाजीनगरला नेलं. बायपास झाली. त्यांची मुलगी तिकडंच असते, तिनं फोन काढून घेतला आणि शाळेत निरोप दिला की महिना-दोन महिने कुणीही, काहीही विचारायचं नाही.

दिवाळी झाली. बॉयलर पेटले. कोमलची आई ट्रॅक्टरमध्ये बसताना मला म्हणाली, "सर न्हाईत म्हणं औंदा."

"न्हाईत," मी म्हणाले. "पण कॉम्प्युटर हाय."

पहिल्या रविवारी आम्ही रविवारचा कॉम्प्युटर चालू केला. तिकडं मुकादमाचा फोन लागला, आवाज आला, तिकडची माणसं आम्हाला दिसली. पण आम्ही त्यांना दिसेना. आमच्या चौकटीत नुसता तांबडा-काळा अंधार. बंद करून चालू केला, वायर काढून घातली. तेच. लेकरं एकेक करून अंधारात बोलली आणि रडली. कोमलची पाळी आली.

"मला काईच दिसंना," आई म्हणाली.

"आई, मी हितंच हाय. बरी हाय मी."

हा शब्द त्या पोरीनं बोलायला नको होता. आईचा चेहराच बदलला. थोरलीची आजीही हेच म्हणायची ना.

मॅडमनी आपला फोन लावून पाहिला. कोमलची हनुवटी दिसली आणि चित्र अडकलं. आई म्हणाली, "पुढच्या ऐतवारपर्यंत बघते. मुकादमाची गाडी पंधरा दिसाला गावाकडं येतीच. सरांनी मला शब्द दिल्ता." आणि फोन ठेवला.

कोमलनं आपली पुस्तकं पिशवीत भरायला घेतली. मी पिशवी उलटी केली. ती म्हणाली, "मावशी, आई बोलली की करतीच."

सोमवारी नाना आले. त्यांचं म्हणणं तयारच होतं. "त्या नवीन व्हर्जननं घोटाळा केलाय. मी सांगतो, जुनंच ब्येस होतं!" मागं नवीनच टाका म्हणून हट्ट धरणारे हेच, पण ते आठवून द्यायची माझी हिंमत नव्हती. "शनवारी परळीहून माणूस येतोय. सगळं पुसून विकतचं टाकून देतो म्हणलाय. चोरीचं आसलं म्हणून काय झालं, चालतं तर!"

पुसून टाकणार म्हणजे पोरांचं सगळं पुन्हा जाणार. आणि तरीही कॅमेरा चालेल याची खात्री कुणाला? सरांना विचारता येत नव्हतं. पार मात्र होता.

मी आयुष्यात अनोळखी माणसाला पत्ताही विचारलेला नाही. एसटीत बाजूची बाई बोलायला लागली तर मी खिडकीबाहेर बघते. त्या दिवशी दुपारी भांडी तशीच ठेवून मी खुर्चीवर बसले, कोमलला शेजारी बसवलं आणि मराठीतच लिहिलं. आमची शाळा अशी आहे, रविवारी लेकरं आईबापांना दिसतात, पोळ्यानंतर नवीन व्हर्जन टाकलं, आता कॅमेऱ्यात अंधार दिसतो, रविवारच्या आत नाही झालं तर एका मुलीची शाळा सुटेल. खाली नाव लिहायचं होतं. मी 'मावशी' लिहिलं.

पाठवायचं बटण कोमलनं दाबलं. मला दाबवेना.

मी तांदूळ निवडायला बसले, पण कान खिडकीकडं. थोड्याच वेळात कोमल ओरडली, "मावशी, आलं!"

पहिलं उत्तर इंग्रजीत होतं. त्याच्याखाली मराठी करायचं बटण होतं, ते दाबलं तर "प्रिय मावशी" असं आलं. त्या माणसाला ते माझं पाळण्यातलं नाव वाटलं असावं. कोणतं व्हर्जन, ते त्यानं विचारलं होतं. दुसऱ्यानं एक ओळ दिली, ती टाइप करा आणि काय येतं ते सांगा म्हणाला. आम्ही केली. कॅमेरा सिस्टीमला नीट दिसतोय असं उत्तर निघालं. तिसरा म्हणाला, एवढे जुने कॉम्प्युटर कशाला ठेवता, टाकून द्या. त्याला चौथ्या एकीनं तिथंच झापलं, "मावशींनी सल्ला मागितला आहे, भंगारवाला नाही." मला तिचं नाव-गाव काही माहीत नाही, पण ती भेटली तर मी तिला पुरणपोळी करून घालीन.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी अंधाराचा फोटो मागितला. अंधाराचा फोटो काय पाठवायचा, असं वाटलं, तरी पाठवला. त्यावर मराठीतच उत्तर आलं.

"मावशी, नुसतं काळं असतं तर मी व्हर्जनला दोष दिला असता. पण हे तांबडं आहे आणि एका कडेनं थोडा उजेड येतोय. कॅमेऱ्याच्या भिंगावर काही लागलंय का, जरा बोटानं बघता?"

मी खुर्चीवर चढले. कॅमेरा कॉम्प्युटरच्या अगदी वर, कपाळावर असावा तसा. त्याच्या मधोमध, गोल, कुंकवाचा टिळा. वाळून खडखडीत झालेला; पोळ्यापासून कॅमेऱ्याचं काम पडलं नव्हतं, म्हणून सरांच्याही ध्यानात आला नव्हता. आणि वर अक्षता दोन चिकटलेल्या.

मी कोमलकडं पाहिलं. कोमलनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"सरांनी वरून लावा म्हणलं होतं," ती पुटपुटली. "मला वाटलं हे त्याचं कपाळ हाय."

मी ओल्या फडक्यानं हळूहळू पुसलं. खाली स्क्रीनवर आधी तांबडं पसरलं, मग फिकं झालं आणि मग भिंत दिसली, खिडकी दिसली, खिडकीपलीकडचा माझा कुकर दिसला. आम्ही दोघी खुर्चीखाली बसून हसलो. हसता हसता कोमल रडायला लागली, मग मीही. मॅडम पळत आल्या, त्यांना वाटलं शॉक बसला.

पारावर खरं सांगायची मला लाज वाटत होती. पण लिहिलं. बैलांचा सण असतो, त्या दिवशी पूजा केली, टिळा लागला. कुणी हसलं नाही असं नाही, सगळेच हसले, पण कसं, तर घरातलं माणूस हसतं तसं. त्या भंगारवाल्यानंसुद्धा लिहिलं की त्याचाही कॅमेरा चालत नाही, तो टिळा लावून बघणार आहे. नानांनी परळीच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं आणि शाळेत सगळ्यांना म्हणाले, "मी म्हणतच होतो, व्हर्जनचा दोष न्हाई."

रविवार आला. कोमल भिंतीपाशी उभी राहिली. तिकडून आईचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आला.

"दिसती का?" कोमलनं विचारलं.

आई बघत राहिली. मग म्हणाली, "फिर."

कोमल फिरली.

"वेणी वर घे. पाठीची हाडं बघू दे."

कोमलनं वेणी वर घेतली. आईच्या मागं फडातल्या बायका डोकावत होत्या. एक म्हणाली, "अगं, वाढलीय की पोरगी!" आई तरी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बरं हाय. डोक्याला तेल लाव. आन् पिशवी भरली आसंल तर सोड." आणि पुढच्या लेकराच्या आईला फोन दिला.

सर नोकरीवर परत आले नाहीत. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलं, मुलीनं इकडं येऊ दिलं नाही, आणि तसंही त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. खोली आता कोमलचा वर्ग आणि मी मिळून बघतो. पारावर काही विचारलं की कुणी तरी ओ देतं. लांब पल्ल्याच्या पुढच्या व्हर्जनला अजून अवकाश आहे.

पण त्याच हंगामात, माघ महिन्यात एका रविवारी, सगळ्या लेकरांचं बोलून झालं होतं आणि मी दिवा मालवायला गेले होते, तेव्हा त्या कॉम्प्युटरवर फोन वाजला. पलीकडं सरांची मुलगी होती. "बाबा ऐकेनात, बोला तुम्ही," म्हणाली आणि बाजूला झाली.

सर पलंगावर बसले होते. शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि गळा त्या शर्टात सैल.

"पारावरचं वाचलं मी," ते म्हणाले. "व्हर्जन कोणतं ते पयल्या ओळीत लिहायला पायजे हुतं. त्या माणसाला विचारावं लागलं."

"व्हय सर."

"बाकी," ते थांबले. "बाकी ठीक."

मी त्यांच्याकडं बघत होते. आवाज तसाच होता, पण आवाजावरून काय कळतं? इतकी वर्षं मी त्यांना खिडकीतून चहा दिला, मान वर करून कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"सर, उभे राहता का?"

ते चमकले. मग पलंगाला धरून उभे राहिले.

"फिरा."

"मावशी, हे काय—"

"फिरा म्हणते ना."

आणि सर फिरले. पाठमोरे, हात दोन्ही बाजूंना सोडून, शाळेतल्या पोरासारखे ताठ. शर्ट खांद्यांवरून थोडा लोंबत होता. पण उभे होते, कुणाचा आधार न घेता, नीट. मी चांगलं बघून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत.

"बरं हाय," मी म्हणाले. "बसा आता."